विलायतेची महागाई आणि माणाचं पाणी

आई, दादाची नात जर्मनीला राहायला निघाली आहे. परवा ती आणि तिचा नवरा माझा निरोप घ्यायला म्हणून इथं माणात आली. जेवणं झाली आणि मांडीवरचा तो छोटा कॉम्प्युटर उघडून दोघं तिथल्या महागाईचं सांगत बसली. घराच्या भाड्यातच अर्धा पगार जातो, हिवाळ्यात खोली गरम ठेवायची तर त्याचं वेगळं पडतं, केस कापायला गेलं तर आपल्याकडच्या आठवड्याच्या बाजाराएवढं बिल होतं. माझा मुलगा, सून, नातवंडं सगळी तिच्याभोवती गोळा झालेली. "अगं बाई!" काय, "मग खाणार काय गं तिथं?" काय. मी भिंतीला टेकून ऐकत होते. माझी नव्वदी जवळ आली, कान अर्धे गेले, पण हे सगळं मला स्वच्छ ऐकू येत होतं. आणि मला काय वाटलं सांगू? हेवा वाटला. जर्मनीचा नव्हे, मला ह्या वयात जर्मनी घेऊन काय करायची आहे. कुणीतरी परमुलखात राहायला निघतं आणि तिथं जगायला काय पडतं, हे घरातली माणसं जागची न उठता विचारत बसतात, ह्याचा हेवा. दादा जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी त्याच्या नातीपर्यंत माझा हेवा पोचलाच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली मी.

तुझ्या घरातून परमुलखात राहायला गेलेली आम्ही दोघं. आधी मी गेले. लढाई चालू होती, रॉकेल रेशनवर होतं, म्हणून माझी वरात दिवसाउजेडीच काढली. आण्णांनी स्थळ पाहिलं ते जमीन बघून. मुलगा पलटणीत, घरची इथली माणातली जमीन नजर पोचेल तिथपर्यंत. जमीन होती, खोटं नाही. फक्त तिच्यावर पाऊस पडत नव्हता. हळदीच्या अडतीत आण्णांचा जन्म गेला, पोत्यात हात घालून ते हळदीची जात सांगायचे, पण जमिनीत पाणी आहे का हे त्यांनी विचारलं नाही. सांगलीत कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला तो प्रश्नच सुचत नाही. मुलीला वाईट घरी दिली की लोक म्हणतात, विहिरीत ढकललं. माझ्या बाबतीत तेही म्हणता येईना. आमच्या विहिरीत पडलं असतं तर पाय मोडला असता, बुडायची सोय नव्हती.

सासरी पहिल्या दिवशी सकाळी मी न्हाणीत गेले तर तिथं रुंद तोंडाचं एक पितळी घंगाळ आणि शेजारी एक कळशी. मी बादली शोधते आहे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या. "पोरी, घंगाळात बस आन् आंग धू. बाहीर सांडू नगंस. तेच पाणी म्हशीला जाईल." मला वाटलं थट्टा करतात, नव्या सुनेची करतात तशी. मी हसले. "हसतीस काय? तुमच्या सांगलीला नदी हाय. हितं नदीत वाळू हाय. झऱ्यात उतरायचं, करवंटीनं घागर भरायची. भरली तर भरली, न्हाईतर बसून ऱ्हायाचं." बाई वाईट नव्हत्या, आई. घरातल्या सगळ्यांनी पाणी प्यायल्याशिवाय स्वतः प्यायच्या नाहीत. मी मात्र त्या घंगाळात अंग चोरून बसले आणि अंगावरून घातलेलं पाणी माझ्याच पायाशी साचताना बघत राहिले. अठरा पुरे व्हायचे होते मला. तुझ्याकडं मी नदीच्या घाटावर डुंबत वाढलेली, आण्णा मला 'डोहातली म्हैस' म्हणायचे, आणि आता माझी आंघोळ खऱ्या म्हशीच्या पोटात जात होती.

तिथं एका घागरीला काय पडतं, हे मला कुणी कधी विचारलं नाही, म्हणून आता सांगते. वाळूत माणूसभर खोल खड्डा असायचा, त्याला आम्ही झरा म्हणायचो. त्यात उतरून बसायचं, तळाशी पाझरेल तेवढं करवंटीनं उचलायचं, मग पुन्हा पाझरायची वाट बघायची. नखांत वाळू जाऊन जाऊन नखं झिजली. माझे केस तुला आठवतात? दर रविवारी तू शिकेकाईनं धुवायचीस, मागच्या अंगणात उन्हात वाळवायचीस आणि 'नजर लागेल' म्हणून कुणाला बघू द्यायची नाहीस. ते केस धुवायचे तर दोन माणसांचं दिवसभराचं पाणी जायचं. शेवटी मी ते अर्धे कापले आणि उवा झाल्या होत्या म्हणून सांगितलं. तुलाही तेच सांगितलं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा तुला हे सगळं एकदाच सांगितलं. केसांचं सोडून. तू चुलीपुढं चकल्या तळत होतीस, मी शेजारी बसून झऱ्याचं, करवंटीचं, घंगाळाचं, म्हशीचं सगळं भडाभडा बोलले. तू मान वर केली नाहीस. एक चकली कढईत मोडली. तू म्हणालीस, "तेल तापलंय, जरा सरक." बास. एवढंच. मी सरकले. त्या चार दिवसांत तू न्हाणीतला बंब विझू दिला नाहीस, मी एक बादली घेतली की दुसरी तयार ठेवलीस, हे खरं. पण माझ्या मनात राहिलं ते 'जरा सरक'. ते मी पुढं कितीतरी वर्षं चघळलं.

मग लढाई संपली आणि दादा विलायतेला गेला. कापडगिरण्यांच्या कुठल्याशा गावात यंत्रांचं शिकायला. थोडी शिष्यवृत्ती, थोडे आण्णांचे. आणि त्यानंतर आपल्या घराचा सूर्य विलायतेत उगवायला लागला. मी माहेरी येई तेव्हा ते माझ्या डोळ्यांनी बघे. दादाचं पत्र आलं की आण्णा अडतीतून लवकर घरी येत. ओट्यावर सतरंजी पडे. गल्लीतली पाचसात माणसं येत, शेजारच्या काकू दाराआड उभ्या राहत, आणि आण्णा मोठ्यानं वाचत. तिथं खोलीचं भाडं आठवड्याचं असतं. घरमालकीण जेवण घालते, पण लोणी बोटाच्या पेराएवढं. साखर कार्डावर, चहा कार्डावर, लढाई संपली तरी पावसुद्धा कार्डावर आला. कपडा घ्यायचा तर पैसे असून भागत नाही, कुपनं लागतात. खोलीत भिंतीशी एक शेगडी असते, तिच्या पेटीत नाणं टाकलं की तेवढ्यापुरती ऊब येते आणि नाणं संपलं की शेगडी विझते.

"म्हणजे ऊनसुद्धा विकत?" गल्लीतलं कुणीतरी म्हणे, आणि आण्णांचा चेहरा असा होई की जणू मुलाला ऊन विकत घ्यावं लागतं हाही एक मोठेपणाच आहे. मग ते सगळं हळदीत करून सांगत. खोलीच्या भाड्यात इतकी हळद, ओव्हरकोटात तितकी. ऐकणारे जिभा चावत. दादाला सर्दी झाली तर ती दूधवाल्याला माहीत असे. मी मात्र शंभरेक मैलांच्या आत राहत होते, आणि मोटारीतून उतरल्यावर मला विचारत, "काय गं, बरं आहे ना?" मी म्हणायची, "बरं आहे." झालं माझ्या परमुलखाचं वाचन.

पण खरा हेवा मला त्या ओट्याचा नव्हता. तुझ्या ताटाचा होता. चातुर्मासात बायका एखादा जिन्नस सोडतात, तसं तू दादासाठी सोडायला लागलीस, आणि तुझ्या चातुर्मासाला शेवट नव्हता. त्याला तिथं जे मिळत नाही ते तू खायचं नाहीस. आधी लोणी गेलं. मग साखर गेली, तू चहा बिनसाखरेचा प्यायला लागलीस. मग त्यानं लिहिलं की इथं तांदूळ दुकानात डोळ्यांनी दिसत नाही, त्या दिवसापासून तुझा भात बंद. मग त्यानं लिहिलं की भाजीवाल्याकडं केळी आली होती पण ती फक्त मुलांच्या कार्डावर, मी काचेतून बघून आलो. आपल्या मागच्या अंगणात केळीचं बन. घड पिकत होते, तू फण्या गल्लीत वाटायचीस आणि स्वतः एक केळं तोंडात घालायची नाहीस. काकू म्हणाल्या, "आवं वैनी, भात सोडला, केळं सोडलं, आता तुमी खातासा तरी काय?" तू म्हणालीस, "तो खातो तेच." आणि हे सगळं सुटणार कधी, तर तो परत येऊन आपल्या हातानं तुला भरवील तेव्हा. तुझं ताट बघितलं की विलायतेत काय मिळत नाही ते कळायचं, मला पत्र ऐकायची गरजच उरली नव्हती. जेवताना मी तुझ्या ताटाकडं बघायची आणि शोधायची, ह्यात माझ्यासाठी काय सोडलंय. माझ्यासाठी काही नसायचं. मी ज्वारीची भाकरी खात होते, ती तूही खात होतीस.

पहिल्या बाळंतपणाला मी आले तेव्हाच त्या विलायतेच्या भयंकर थंडीची पत्रं येत होती. बर्फ इतकं पडलं की कोळसा मिळेना, आणि एका पत्रात होतं की नळातलं पाणी गोठलं, दोन दिवस तोंड धुवायला पाणी नव्हतं. आण्णा वाचताना थांबले. सगळे हळहळले. तू दाराआडून वळून माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, तू बघते आहेस की मला आनंद झाला का. झाला होता, थोडा. म्हटलं, कळू दे साहेबाला दोन दिवस. त्याच पत्रात की पुढच्या, नीट आठवत नाही, आंघोळीचंही होतं. आठवड्यातून एकदा आंघोळ, गरम पाण्याचे घरमालकिणीला वेगळे द्यायचे, आणि मोठ्या पांढऱ्या टबात आतून एक रेघ मारलेली, तिच्या वर पाणी घ्यायचं नाही. त्या वीतभर पाण्यात बसून अंग धुवायचं. "घाणेरडी मेली," काकू म्हणाल्या. तू आण्णांना ते पुन्हा वाचायला लावलंस.

मुलगी रात्रीची जागवायची, त्यामुळं पहाटे मी जागीच असायची. एकदा तिच्यासाठी शेगडीतले निखारे घ्यायला म्हणून मागं गेले तर न्हाणीचं दार अर्धं लोटलेलं. तू नेहमी सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकायचीस, तुझी आंघोळ मी मोठी झाल्यापासून कधी पाहिली नव्हती. आत तू घंगाळात बसली होतीस. अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन. शेजारी एक कळशी. आंघोळ झाल्यावर तू ते घंगाळ उचलून मागच्या दारानं गेलीस आणि पाणी केळीच्या बुडात ओतलंस. मी तशीच मागं फिरले. विचारायचं काय त्यात? दिसतच होतं. मुलगा टबात बसतो म्हणून आई घंगाळात बसते. दारापुढं कृष्णा वाहते आहे, बंबात पाणी आहे, आणि ही बाई लेकाच्या टबातली रेघ इथं सांगलीत पाळते आहे. मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ इतका राग आला की दूध आटायची भीती वाटली. मी घंगाळात बसते ते सांगितलं तेव्हा 'जरा सरक', आणि त्याच्या टबाचं मात्र व्रत.

मुलीचं बारसं झालं ते गुळावर. साखर आपल्याकडंही कार्डावर होती. तू तुझ्या वाटणीची साठवली होतीस आणि तिचे रव्याचे लाडू वळून डब्यात भरत होतीस, विलायतेच्या. डबा झाळून घ्यायला माणूस येऊन बसला होता. मी म्हटलं, "आई, चार लाडू बारशाला ठेव की." तू म्हणालीस, "गुळाचे बोटीत पाझरतात. इथं गूळ चालतो." बरोबरच होतं. गूळ बोटीत पाझरतोच. पण बरोबर असलेलं बोलणंच जास्त लागतं. मी पाळण्याची दोरी ओढत राहिले. काकू नाव ठेवायला वाकल्या, बायका गाणं म्हणत होत्या, आणि माझं लक्ष ओट्यावर, डब्याला डाग बसल्याचा वास येत होता तिकडं.

दादा परत आला त्या दिवशीचं तर सगळी गल्ली सांगू शकेल. म्हणजे आता कुणी उरलं नाही सांगायला, मीच आहे. मला माणातून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ओव्हरकोट हातावर घेऊन तो टांग्यातून उतरला, गोरा झालेला, बारीक झालेला. तू ओवाळलंस. मग मधल्या घरात ताट मांडलं. पांढरा भात, त्यावर लोण्याचा गोळा, वाटीत साखर, आणि मागच्या अंगणातलं एक केळं. बायका भिंतीला लागून दाटीवाटीनं उभ्या. दादानं केळं सोललं, पहिला घास तुझ्या तोंडात दिला. तू डोळे मिटलेस आणि इतकं हळू चावलंस, मला वाटलं तू ते गिळणारच नाहीस. काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "फिटलं बाई, फिटलं एकदाचं." आण्णा बाहेर जाऊन उभे राहिले. सगळे रडले. मीही रडले, पण माझं रडणं वेगळ्या जातीचं होतं. मला वाटत होतं, मीही परत येतेच की गं दरवर्षी. मी कुणाला काय भरवू?

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती न्हाणीतल्या कळशीच्या आवाजानं. मी उठून गेले, ह्या वेळी दार ढकललंच. तू घंगाळात. तीच कळशी. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आता तरी पुरे कर. आला ना तुझा मुलगा? काल भात खाल्लास, केळं खाल्लंस, आता आंघोळ तरी माणसासारखी कर."

तू तोंडावरचं पाणी निपटलंस. म्हणालीस, "हे त्याचं नव्हं."

"मग कुणाचं?"

"तू त्या दिवाळीला सांगून गेलीस की. तेव्हापासनं आहे." आणि मग, बाजाराला गेलेल्या बाईला मिरच्यांचा भाव विचारावा तसं तू विचारलंस, "तुझ्याकडं पाणी आलं का?"

मी म्हटलं, "कुठलं येतंय."

"मग?" तू म्हणालीस. एवढंच. जणू ह्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच.

मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस? त्याचं सगळ्या गल्लीला माहीत, आणि माझं मलासुद्धा नाही?"

"पोरीच्या सासरचं उणं माहेरच्या ओट्यावर काढतात होय?" तू लुगडं गुंडाळत म्हणालीस. "विलायतेला नावं ठेवली तर विलायत काय रुसायला येत नाही. तुझ्या सासूच्या कानावर गेलं असतं, तर तिथं नांदायचं तुला होतं. धर जरा दुसऱ्या बाजूनं." मी धरलं. आपण दोघींनी घंगाळ उचलून मागं नेलं आणि पाणी केळीच्या बुडात ओतलं. घड लागलेला होता. काल दादानं तुला भरवलं ते केळं ह्याच बनातलं. म्हणजे माझ्या नेमाच्या पाण्यावर त्याच्या नेमाची केळी पिकली होती, आणि पंगत उठली ती त्याच्या नावानं.

आई, खरं म्हणजे मला तिथंच गहिवरून यायला हवं होतं. तुझ्या गळ्यात पडायला हवं होतं. मी चिडले. जाताना मोटारीत बसूनही चिडलेलीच होते. तू माझ्यासाठी जास्त केलंस, त्याच्यापेक्षा आधीपासून केलंस, हे मला समजत होतं. भात सोडलेला माणूस भाकरीवर जगतो, पण नदीकाठच्या तुझ्यासारख्या बाईनं, सोवळ्याओवळ्याच्या, दिवसातून दोनदा पाय धुणाऱ्या बाईनं, आपल्याच वापरलेल्या पाण्यात बसायचं, ते काय होतं ते मलाच कळू शकतं, मी तसं बसत होते. पण मला ते चारचौघांत हवं होतं. मला ओटा हवा होता, सतरंजी हवी होती, आण्णांनी मोठ्यानं वाचायला हवं होतं की माझ्या मुलीला तिथं एका घागरीला काय पडतं. कुणीतरी जीभ चावायला हवी होती. दादाला कौतुक मिळालं आणि मला मिळाली ती माया, आणि मी अशी की मायेपेक्षा कौतुकावरच डोळा ठेवून राहिले. आडात होतं तरी माझ्या पोहऱ्यात आलं नाही म्हणून भांडत बसले.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा येई, तेव्हा पहाटे तू घंगाळ उचलताना मला हाक मारायचीस, आणि आपण दोघी ते मागं न्यायचो. तू दर वेळी विचारायचीस, "आलं का पाणी?" मी म्हणायची, "नाही." एकदोनदा मनात आलं, खोटंच सांगावं, आलं म्हणून, म्हणजे हिची सुटका होईल. नाही सांगितलं. तुझी सुटका झाली असती, पण माझ्याकडं काय उरलं असतं? तेवढा एकच नेम माझ्या नावाचा होता, तो मी कसा जाऊ देऊ.

तू गेलीस त्या दिवशीची तार मला दुसऱ्या दिवशी मिळाली. उन्हाळा होता. मोटार बदलत बदलत मी सांगलीला पोचले तेव्हा घाटावरून सगळे परत येऊन बसले होते, आण्णा भिंतीकडं तोंड करून. दादानं अग्नी दिला होता. मुलगाच तो, त्यानंच द्यायचा. मी वहिनीला आत नेलं आणि विचारलं, "आईला आंघोळ किती पाण्यानं घातली?" तिला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. "वन्सं, असं काय विचारताय?" मी म्हटलं, सांग. ती बिचारी घाबरली. म्हणाली, "ऊन फार होतं, माणसं घाई करत होती, बंब विझलेला. कळशी भरलेली होती, तेवढीच घातली." मी न्हाणीत जाऊन बघितलं. कळशी रिकामी होती. घंगाळ पालथं घातलेलं. कृष्णा दारापुढं होती गं, आई. कुणीतरी दोन घागरी आणल्या असत्या. पण त्यांना कुणाला ठाऊक असणार? मला ठाऊक होतं, आणि मी मोटारीत होते. दादाच्या हातून तुझा एक नेम सुटला, आणि माझ्या नावाचा तू तसाच अंगावर घेऊन गेलीस. तेव्हाही मला रडण्याआधी हेवाच वाटला बघ.

ते घंगाळ मी मागून आणलं. बाकी काही मागितलं नाही. दादा म्हणाला, "एवढंच? अगं, पाटल्या आहेत आईच्या." मी म्हटलं, एवढंच. त्याला काही कळलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दादा वाईट नव्हता, विचारलं असतं तर त्यानं ऐकलंही असतं. पण माझ्याकडं आणि तुझ्याकडं एवढीच एक गोष्ट होती की जी त्याच्याकडं नव्हती.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते. जर्मनीचं निमित्त झालं, पण सांगायचं हे होतं. गेल्या महिन्यात आमच्या गावात पाणी आलं. कुठलं आलं माहीत आहे? कृष्णेचं. खाली तुमच्या अंगाला वाहत जाणारं पाणी पंपांनी उचलून, डोंगर चढवून, पाइपातून इकडं आणलंय. वर्षानुवर्षं येणार येणार म्हणत होते, आम्ही हसण्यावारी न्यायचो. आलं. आमच्या न्हाणीत नळ बसला. मुलगा म्हणाला, "आई, आता घंगाळ टाक माळ्यावर आन् बस खुशाल नळाखाली." गावात गुलाल उधळला, बायांनी नळाला हळदकुंकू लावलं. मी लावलं नाही. मी घरातली सगळी शेतावर जायची वाट बघितली.

मग न्हाणीत गेले. तुझं घंगाळ भिंतीशी सारलं. कळशी भरली आणि तुझ्या नावानं फरशीवर ओतली, नुसती, वाहून जाऊ दिली. आयुष्यात पहिल्यांदा ह्या घरात मी पाणी सांडलं. मोरीच्या भोकातून ते गेलं बाहेर. दुसरी कळशी भरली, माझ्यासाठी. मनात होतं, भरपूर आंघोळ करायची, डोहातल्या म्हशीसारखी, तुझ्यावतीनं आणि माझ्यावतीनं. अर्धी ओतली आणि माझा हात आपोआप पुढं जाऊन नळ बंद करून आला. बघते तर मी घंगाळात जाऊन बसले होते. उरलेली अर्धी कळशी तिथंच अंगावर घेतली. अंगावरून आलेलं पाणी पायाशी साचत होतं. मग उठले आणि ते उचलायला गेले, तर एकटीला उचलेना.

हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि हे पत्र टाकायला पेटीही नाही. तू विचारायचीस म्हणून फक्त कळवते. पाणी आलंय, आई. तू आता नदीभर आंघोळ कर. मला काही ते जमायचं नाही.